तिसऱ्या मजल्याचा जिना आणि एका आजाराचे नाव

वाचकाचे पत्र :

आदरणीय डॉक्टरबाई, आम्ही ठाण्यात वर्तकनगरला एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत आहे. दिवाळीनंतर जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर बसू लागली. आळस करते असे वाटून मी तिला रागावले, एकदा तर हातही उगारला. मग तिच्या पापण्या जांभळट दिसू लागल्या आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर पुरळ आले. ॲलर्जी म्हणून मलमे झाली. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले निघाले म्हणून महिनाभर कावीळ समजून पथ्य झाले. शेवटी एका डॉक्टरांनी तिला जमिनीवरून उठून दाखवायला सांगितले, सीपीके तपासले आणि परळच्या मुलांच्या रुग्णालयात पाठवले. तिथे मांड्यांचा एमआरआय झाला आणि ‘ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस’ असे नाव समजले. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिले. आता रोज गोळ्या आणि दर शनिवारी मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन चालू आहे. पाच आठवडे झाले. चेहरा इतका सुजला आहे की शेजारीही चमकतात. स्नायूचा तुकडा न तपासताच निदान केले, म्हणून मिस्टरांच्या मनात शंका आहे. हे औषध कर्करोगाचे आहे आणि या आजारात कर्करोग होतो, असे त्यांनी इंटरनेटवर वाचले. सासूबाई स्टेरॉइड बंद करा म्हणतात. दिरांनी पुण्याहून प्रतिकारशक्ती वाढवणारा गुळवेलीचा काढा पाठवला आहे. आमचे काय चुकले? ती बरी होईल का? शाळेत काय सांगायचे, तिला काय सांगायचे? आणि मे महिन्यात गुहागरला आजोळी न्यावे का?

एक आई, वर्तकनगर, ठाणे

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात अनेक प्रश्न आहेत. त्यांपैकी एकाचे उत्तर आधी देते, कारण ते उद्यावर टाकता येणार नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, एक दिवसही चुकवू नका आणि कोणाच्या सांगण्यावरून अर्ध्याही करू नका. मूत्रपिंडांच्या वर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात आणि शरीराला रोज लागणारे स्टेरॉइड त्या स्वतः तयार करतात. बाहेरून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड मिळू लागले की काही आठवड्यांतच त्या ग्रंथी जणू झोपी जातात. अशा वेळी गोळ्या अचानक थांबल्या, तर उलट्या, रक्तदाब खाली जाणे, गळून जाणे असे होऊन जिवावर बेतू शकते. म्हणूनच डॉक्टर या गोळ्या महिनोन्‌महिने थोड्या थोड्या उतरवत नेतात. याच कारणाने, मुलीला उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे आणि ‘ही स्टेरॉइडवर आहे’ हे दारातच सांगायचे. तसे लिहिलेले एक कार्ड तिच्या दप्तरात आणि एक तुमच्या पर्समध्ये ठेवा. सासूबाईंनाही हे असेच समजावून सांगा. नातीचा चेहरा बदललेला पाहून त्यांचा जीव तुटतो आहे आणि त्यात काही गैर नाही. फक्त दिसणाऱ्या सुजेपेक्षा न दिसणारा दाह अधिक घातक आहे, हे त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवे.

आता निदानाकडे येते. तुमच्या यजमानांची शंका मला अवाजवी वाटत नाही. एका रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहून येते आणि आजार ठरतो, अशी आपल्याला सवय झाली आहे. डेंग्यू आणि मलेरिया तसेच कळतात. हा आजार तसा कळत नाही. तो अनेक खुणांच्या एकत्र येण्यातून ओळखला जातो आणि त्यातल्या बहुतेक खुणा तुम्ही स्वतःच पत्रात लिहिल्या आहेत. वरच्या पापण्यांवरचा जांभळट रंग आणि बोटांच्या सांध्यांच्या पाठीवर आलेले पुरळ ही जोडी या आजारात जितकी ठळक असते तितकी दुसऱ्या आजारात क्वचितच आढळते. हे पुरळ सांध्यांवरच उठते, बोटांच्या मधल्या भागावर सहसा नाही, ही बाब डॉक्टर मुद्दाम पाहतात. गॉट्रन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. पुस्तकांतली चित्रे गोऱ्या मुलांची असतात. आपल्या मुलांच्या सावळ्या कातडीवर तोच रंग जांभळाचा डाग अर्धवट धुतला गेल्यासारखा दिसतो आणि म्हणून नजरेतून निसटतो. नखांच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या आहेत का, हेही तिथल्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिले असेल.

त्यानंतर अशक्तपणा. हा नुसता थकवा नसतो, तर खांदे, मांड्या, कंबर आणि मान यांच्या मोठ्या स्नायूंतली ताकद कमी झालेली असते. त्यामुळे मूल पेन्सिल नीट धरते, पण वेणी घालायला हात वर धरून ठेवू शकत नाही. सपाट रस्त्यावर चालते, पण जिन्यावर अडते. मांडी घालून बसते, पण उठताना हात जमिनीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर टेकवत स्वतःच्या अंगावरच चढल्यासारखे उठते. तुमच्या डॉक्टरांनी तिला जमिनीवरून उठायला का सांगितले, ते आता लक्षात येईल. ती साधी कृती पुष्कळ तपासण्यांच्या आधी उत्तर देते.

कावीळ समजण्याची चूक कशी झाली, तेही सांगते, कारण ती फार ठिकाणी होते. एसजीओटी आणि एसजीपीटी यांना आपण ‘लिव्हरच्या तपासण्या’ म्हणतो खरे, पण ही द्रव्ये स्नायूंमध्येही असतात. स्नायूंच्या पेशी दाहाने फुटू लागल्या की ती रक्तात येतात आणि कागदावर यकृत आजारी असल्यासारखे दिसते. अशा वेळी बिलिरुबिन आणि जीजीटी (यकृताच्या बिघाडात वाढणारी द्रव्ये) सामान्य असतील, तर बोट यकृताकडे नव्हे, स्नायूंकडे दाखवायचे असते. सीपीके हे स्नायूंतले द्रव्य त्या दिशेची पक्की खूण देते. मात्र सीपीकेचा आकडा हाच आजाराचा मीटर आहे असेही मानू नका. काही मुलांत दाह चांगलाच असूनही सीपीके जवळजवळ सामान्य असते. दर महिन्याला तो एक आकडा पाहून घरात हसू किंवा रडू यावे, इतके त्याला महत्त्व देऊ नये.

या चुकीबद्दल मी कोणावर बोट उगारणार नाही, कारण मीही ती केली आहे. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा पापण्यांच्या सुजेसाठी येत असे. मी दोन महिने त्याला ॲलर्जीची औषधे दिली आणि तो तपासणीच्या टेबलावर स्वतः चढत नाही, वडील उचलून ठेवतात, हे रोज डोळ्यांसमोर घडत असूनही मला दिसले नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या नोंदींनुसार हा आजार वर्षाला दहा लाख मुलांमागे सुमारे २ ते ४ मुलांना होतो. त्यामुळे गल्लीतल्या डॉक्टरच्या उभ्या आयुष्यात असा रुग्ण एखाद्‌दुसराच येतो. हे समर्थन नव्हे. ज्या डॉक्टरांनी तुमच्या मुलीला जमिनीवरून उठवून पाहिले, त्यांचे मोल कळावे म्हणून लिहिले.

स्नायूचा तुकडा का काढला नाही? १९७५ साली बोहान आणि पीटर या दोन डॉक्टरांनी या आजाराचे निकष मांडले, त्यांत पुरळ, ताकद, रक्तातली द्रव्ये, स्नायूंचा विद्युत आलेख आणि तुकड्याची तपासणी अशा पाच गोष्टी होत्या. त्या वेळी एमआरआय हाताशी नव्हता. आज मांडीच्या एमआरआयमध्ये सुजलेले स्नायू पांढऱ्या ठिपक्यांसारखे उजळलेले थेट दिसतात. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये मांडलेले निकषही, त्वचेवरच्या खुणा ठळक असतील तर, तुकड्याशिवाय वापरता येतात. तुमच्या मुलीच्या पापण्या, बोटे, ताकद, सीपीके आणि एमआरआय या पाचही गोष्टी एकच नाव घेत असताना तिला भूल देऊन मांडीला छेद द्यायचा नाही, हा निर्णय मला समंजस वाटतो. पुरळच नसते किंवा मुलगा असून सीपीके हजारोंच्या घरात असते, तर स्नायूंचा आनुवंशिक आजार वगळण्यासाठी डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्याच असत्या.

दुसरे मत जरूर घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. पण ते मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञाचे असावे, अख्खी फाइल आणि एमआरआयची सीडी घेऊन जावे आणि ते मिळेपर्यंत औषधांत खंड पडू नये. या आजारात सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. दाह लांबला, तर पुढे कातडीखाली आणि स्नायूंत चुन्यासारखे कॅल्शियमचे खडे साठतात. ते टोचतात, फुटतात, सांधे आखडवतात आणि एकदा साठले की काढणे अवघड असते. वेळेवर आणि पुरेशा जोमाने केलेले उपचार ती शक्यता कमी करतात. निदानाला तुमचे तीन महिने आधीच गेले आहेत. आता पुण्यात एक मत, मग कोणी सांगितले म्हणून कोल्हापूरला दुसरे, मग बंगळूरला तिसरे, अशा फेऱ्यांत आणखी तीन महिने जाऊ देऊ नका. आजाराला आणखी एखादे नाव शोधण्यापेक्षा, मिळालेले नाव समजून घेण्यात शक्ती खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या लांबलचक नावाचा अर्थ सरळ आहे. ज्युव्हेनाइल म्हणजे लहानपणी होणारा, डर्मॅटो म्हणजे त्वचेचा, मायोसायटिस म्हणजे स्नायूंचा दाह. दाह हा जंतूंमुळेच होतो असे नाही. इथे जंतूंशी झुंजण्यासाठी असलेली शरीराची यंत्रणा जंतू नसतानाही जागी राहते आणि त्वचा, स्नायू व त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या यांच्यावर चालून जाते. म्हणजे तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती चुकीच्या जागी अतिउत्साहाने काम करते आहे. हे एकदा ध्यानात आले की दिरांच्या काढ्याचा प्रश्न आपोआप सुटतो. जी शक्ती आवरण्यासाठी डॉक्टर औषधे देत आहेत, ती वाढवण्याचा दावा करणारे काहीही तिला देऊ नये. शिवाय मेथोट्रेक्सेट यकृताला त्रास देऊ शकते आणि त्यासाठी तिचे रक्त वरचेवर तपासले जाते. गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि तो वाद चालू राहिला. तो वाद तुमच्या मुलीच्या यकृतावर सोडवायचे कारण नाही. दिरांना आभार मानून कळवा की डॉक्टरांनी सध्या मनाई केली आहे.

कर्करोगाची भीती दोन बाजूंनी आली आहे आणि दोन्ही बाजूंनी ती दूर करता येते. प्रौढांना होणाऱ्या डर्मॅटोमायोसायटिसचा कर्करोगाशी संबंध असू शकतो, म्हणून मोठ्या माणसांत तो मुद्दाम शोधतात. मुलांच्या आजारात तसा संबंध आढळत नाही. तुमच्या यजमानांनी वाचलेले पान बहुधा प्रौढांविषयीचे असावे; शोधताना ‘ज्युव्हेनाइल’ हा शब्द सुटला की चित्रच बदलते. औषधाचे म्हणाल, तर मेथोट्रेक्सेट मुळात कर्करोगासाठीच तयार झाले हे खरे आहे आणि ते अमेरिकेतल्या ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाले तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. परंतु कर्करोगात कधी कधी याच औषधाची जी मात्रा देतात, ती तुमच्या मुलीच्या मात्रेच्या शेकडो पट असते. तिला आठवड्यातून एकदा मिळणारी लहान मात्रा पेशी मारण्यासाठी नसून दाह आवरण्यासाठी आहे. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट या दोन औषधांची जोडी का, याचेही उत्तर आहे. २२ देशांतल्या १३९ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात फक्त स्टेरॉइड मिळालेल्या मुलांपैकी ५१ टक्के मुले सहा महिन्यांत ठरलेल्या मापाइतकी सुधारली, तर जोडीने मेथोट्रेक्सेट मिळालेल्यांपैकी ७२ टक्के. या जोडीमुळे स्टेरॉइड लवकर उतरवता येते. सासूबाईंना जे हवे आहे, तेच त्या शनिवारच्या इंजेक्शनमुळे साधणार आहे.

त्या शनिवारबद्दल एक ताकीद. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. पुढे इंजेक्शनऐवजी गोळ्या आल्या, तर चुकून रोज दिल्या जाऊ शकतात आणि त्या चुकीने माणसे दगावली आहेत. कॅलेंडरवर शनिवारी खूण करा, आणि औषध देणारी व्यक्ती घरात एकच असू द्या. फॉलिक ॲसिडची गोळी तोंड येणे आणि मळमळ कमी करते. ती कोणत्या दिवशी द्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. जवळच्या दवाखान्यात सर्दी-तापासाठी गेलात, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आधी सांगा. कोट्रायमोक्साझोल हे सल्फा गटातले प्रतिजैविक त्याच्याबरोबर रक्तपेशी घटवू शकते, म्हणून ते परळच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

आता तुमचे काय चुकले, हा प्रश्न. हा आजार दृष्ट लागल्याने, लस दिल्याने, मॅगी खाल्ल्याने किंवा गर्भारपणात काही राहून गेल्याने होत नाही. काही जनुकीय कल मुळात असतो, त्यावर एखादा साधा संसर्ग किंवा सूर्यकिरणांसारखे निमित्त घडते आणि यंत्रणा बिघडते, एवढे कळले आहे. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. धाकटे भावंड असेल, तर एका ताटात जेवले तरी चालेल. राहिला तो उगारलेला हात. तिला जिना चढवत नव्हता हे तुम्हाला ठाऊक नव्हते, मलाही त्या मुलाच्या बाबतीत ठाऊक नव्हते. पण सात वर्षांच्या मुलीला तो प्रसंग आठवत असणार. म्हणून एकदा जवळ बसवून सांगा, “तुझे पाय दुखत होते, तू खोटे बोलत नव्हतीस, मला कळले नाही.” त्याहून लांब माफी मागू नका, नाहीतर आईला सावरण्याचे काम तिच्यावर पडेल.

तिला आजार समजावताना ‘शरीरातले शिपाई आपल्याच लोकांवर हल्ला करतात’ ही गोष्ट बरेच जण सांगतात. मला ती आवडत नाही. एका मुलीने ती ऐकून मला विचारले होते, “म्हणजे माझे शरीर माझ्यावर रागावले आहे का?” साधे सांगावे : तुझ्या पायांच्या आणि हातांच्या स्नायूंना सूज आली आहे, औषधाने ती हळूहळू उतरेल, औषधामुळे गाल गोल झाले आहेत, भूक खूप लागते आणि कधी कधी उगाच रडू येते, औषध कमी झाले की गालही कमी होतील. हे खरेच आहे, म्हणून ते वारंवार सांगता येते. भुकेच्या बाबतीत मात्र लाड नकोत. वेफर, फरसाण, लोणचे, पापड यांतले मीठ चेहरा आणखी सुजवते आणि रक्तदाब वाढवते. दूध, दही, नाचणी, मूग, अंडी चालत असतील तर अंडी, असे घरातले जेवण भरपूर द्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी लिहून दिले असेल. ते बिनमहत्त्वाचे समजून वगळू नका, कारण स्टेरॉइड हाडे विरळ करते आणि या मुलीला ऊन तर टाळायचे आहे.

ऊन टाळणे हा या आजारात निम्मा उपचार आहे असे मी म्हणेन. सूर्यकिरणांनी त्वचेवरचा दाह भडकतो आणि त्याबरोबर स्नायूंचाही उफाळू शकतो. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन रोज, ढगाळ दिवशीसुद्धा लावावे. वर्गात खिडकीलगतचा बाक नको आणि मैदानावरची प्रार्थना सावलीत उभे राहून झाली तरी चालते. शाळेला हे तोंडी सांगू नका. परळच्या डॉक्टरांकडून एक पत्र आणून मुख्याध्यापकांना द्या. वर्ग तळमजल्यावर मिळेल का, पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवता येईल का, असे नेमके विचारा. एक गोष्ट पालक संकोचाने बोलत नाहीत : भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसल्यावर या मुलांना उठता येत नाही आणि म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाहीत. कमोड कुठे आहे आणि कोणती सेविका सोबत जाईल, हे शाळेशी ठरवून घ्या. घरीही तोच विचार करावा. व्यायाम बंद करू नका; पूर्वी या मुलांना अंथरुणात ठेवत असत, आज फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेला व्यायाम उपचाराचाच भाग मानतात.

कांजिण्यांचे दिवस जवळ आले आहेत. वर्गात किंवा इमारतीत कोणाला कांजिण्या झाल्या आणि तुमची मुलगी त्या मुलाजवळ होती असे कळले, तर अंगावर फोड येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण संरक्षक औषधाचा उपयोग लवकर दिल्यासच होतो. कांजिण्या, गोवर यांच्या जिवंत लसी सध्या तिला द्यायच्या नसतात. फ्लूचे इंजेक्शन देता येते. घरात पाच वर्षांखालचे भावंड असेल, तर पोलिओचे थेंब पाजण्यापूर्वीही विचारा. तिचा आवाज नाकातून येऊ लागणे, पाणी पिताना ठसका लागणे, धाप लागणे, पोटात जोरात दुखणे किंवा काळी शी होणे, यांतले काहीही दिसले तर पुढच्या ओपीडीची तारीख पाहत बसू नये, रात्र असली तरी निघावे. गिळण्याचे स्नायू, फुप्फुसे आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या यांत दाह उतरल्याच्या त्या खुणा असू शकतात.

ती बरी होईल का? स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजाराची एक तृतीयांश मुले दगावत आणि आणखी एक तृतीयांश कायमची अपंग होत. १९४८ मध्ये कॉर्टिसोन हे स्टेरॉइड पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिले गेले आणि त्यानंतर हे चित्र पालटत गेले. आज उपचार मिळालेली बहुसंख्य मुले शिकतात, खेळतात, मोठी होतात. पण वाट प्रत्येकाची वेगळी असते. काहींचा आजार दोन-तीन वर्षांत विझतो आणि परत येत नाही, काहींचा औषधे उतरवताना किंवा थांबल्यावर पुन्हा डोके वर काढतो, आणि काहींचा वर्षानुवर्षे धुमसत राहतो व त्यांना दुसरी औषधे लागतात. तुमची मुलगी कोणत्या वाटेवर आहे, हे पाचव्या आठवड्यात कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. ताकद रिपोर्टच्या मागून, सावकाश येते, म्हणून महिन्याभरात जिना चढत नाही याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा होत नाही.

तो जिना मात्र तुमच्या कामाचा आहे. रुग्णालयात ५२ गुणांच्या एका मोजपट्टीवर तिची ताकद तपासतात. त्यात उताणे झोपून डोके किती सेकंद उचलून धरता येते, जमिनीवरून कसे उठता येते, अशा कृती असतात. तुम्ही घरी आठवड्यातून एकदा, शनिवारी इंजेक्शनच्या आधी, वहीत तारीख घालून इतकेच लिहा : कितव्या पायरीवर थांबली, कठडा धरला का, डोके किती सेकंद उचलले. त्याच दिवशी, त्याच उजेडात पापण्यांचा आणि बोटांचा एक फोटो काढा. रोज तपासू नका. रोजच्या चढउताराने तुम्ही घाबराल आणि ती वैतागेल. तुम्ही ती वही दाखवलीत, तर ओपीडीतल्या दहा मिनिटांत डॉक्टरांना ‘बरी वाटते’ या दोन शब्दांच्या उत्तरापेक्षा पुष्कळ अधिक कळेल. त्याच भेटीत डोळ्यांची तपासणी, रक्तदाब आणि उंची यांच्या नोंदी होतात ना, ते पाहा. खर्चाचा प्रश्न तुम्ही मांडलेला नाही, पण तो असतोच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि समाजसेवा विभागातही एकदा जाऊन या.

गुहागरला जरूर न्या, पण एप्रिलअखेरची तपासणी होऊन डॉक्टरांनी होकार दिल्यावर. रक्ताची तपासणी निघण्यापूर्वी करून घ्या आणि शनिवार तिथे येत असेल, तर इंजेक्शन कोण देणार हे इथूनच ठरवा. सकाळी दहा ते दुपारी चार समुद्रावर जायचे नाही. संध्याकाळी पाण्यात पाय बुडवायला हरकत नाही. गुहागरहून चिपळूण तासाभराहून अधिक लांब आहे, म्हणून तिथे रात्री कोणते रुग्णालय उघडे असते ते आणि परळच्या वॉर्डाचा नंबर मामांच्या फोनमध्येही असू द्या. गोळ्यांचे एक पाकीट हातातल्या पिशवीत आणि दुसरे सामानात ठेवा, आणि परतीची गाडी चुकली तरी चार दिवस पुरतील इतक्या मोजून घ्या.